अकरा-दहाची नोंद

पोचकाकांना हे नाव कोणी दिले, याची नोंद मात्र कोठेही नाही. नोंद नसलेली अशी त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा एकमेव गोष्ट असावी.

वयाच्या बाविसाव्या वर्षी ते आरोग्य खात्याच्या आवक-जावक शाखेत कारकून म्हणून रुजू झाले. आलेले पत्र आवक वहीत चढवायचे, जाणारे पत्र जावक वहीत उतरवायचे आणि शिपाई पत्र देऊन परतला की वहीत समोरच्याची सही आहे ना, हे पाहायचे, एवढेच काम. बहुतेक माणसे त्या टेबलावर वर्षभरात कंटाळतात. पोचकाका तेथे फुलले. शिपाई घाम पुसत येऊन सांगे, "साहेब जाग्यावर नव्हते, टेबलावर ठेवून आलो." त्यावर पोचकाका मान वर न करता विचारीत, "पोच कुठंय?"

"अहो, टेबलावर ठेवलंय म्हटलं ना."

"मग ते गेलेलं नाही. परत जा."

घरीही तोच खाक्या. शेजारी निरोप द्यायला पाठवले, तर शेजाऱ्यांनी ऐकून काय उत्तर दिले, ते शब्दशः घेऊन येत. त्यांची पत्नी शिक्षिका होती आणि जिभेने तिखट होती. पाहुण्यांसमोर ती सांगे, "लग्नाच्या वेळी मी हो म्हटलं, ते यांनी दोनदा विचारून घेतलं. बरं झालं, सही नाही मागितली." पाहुणे हसत. पोचकाकाही हसत, पण सही घ्यायला काय हरकत होती, असे त्यांना आतून वाटतच असे.

पुढे कचेरीत संगणक आले. चाळिशीच्या पोचकाकांनी रजा टाकून त्याचे शिक्षण घेतले, परीक्षा दिल्या आणि पन्नाशीपर्यंत ते खात्याच्या सर्व्हरचे रखवालदार झाले. नाव बदलले, खोली बदलली, धर्म मात्र आवक-जावकचाच राहिला. अंगणापलीकडे लसींचे शीतगृह होते. त्यात चार थंड खोल्या आणि प्रत्येक खोलीच्या दाराशी भिंतीत बसवलेले एक छोटे यंत्र. खोलीत घडेल ते प्रत्येक यंत्र एकेका ओळीत लिही : तापमान अमुक, दार उघडले, दार लागले, पंखा सुरू, धोक्याची घंटा वाजली, घंटेचे उत्तर म्हणून बटण दाबले गेले. शिवाय दर मिनिटाला एक ओळ, 'मी चालू आहे.' या सगळ्या नोंदी तारेवरून पोचकाकांच्या खोलीतील मुख्य नोंद-सर्व्हरवर येत आणि वर्षानुवर्षे तेथे राहत. भिंतीतल्या यंत्रांत जागा थोडी, त्यामुळे तेथील प्रत आठ दिवसांनी पुसली जाई.

पोचकाका या कामावर आले, तेव्हा नोंदी पाठवण्याची पद्धत चालत्या गाडीतून फलाटावर पत्र फेकावे तशी होती. पत्र कोणाच्या हाती लागले की चाकाखाली गेले, याची विचारपूस नाही. ते पाहून त्यांची झोप उडाली. सहा महिने खपून त्यांनी ती पद्धत मोडली आणि पोच मागणारी पद्धत बसवली. मुख्य सर्व्हर काही कारणाने बंद असेल, तर नोंदी पाठवणाऱ्या यंत्रात रांग लावून थांबत. तो सुरू झाला की ओळीने येऊन दाखल होत. पोचकाकांच्या मते त्यांनी आयुष्यात धड केलेले हे एकच काम होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्या अभिमानातून त्यांच्या तोंडून एक वाक्य गेले. ही सगळी हकीगत त्या वाक्याची आहे.

शीतगृहाच्या भांडारपाल एक बाई होत्या. कमरेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा; त्या येण्याआधी त्यांचा आवाज येई. सगळे त्यांना किल्लीबाई म्हणत. बाईंनी एकोणतीस वर्षांत एक दार उघडे टाकले नव्हते. दुपारी त्या आणि पोचकाका एकाच टेबलावर डबा उघडत. असा क्रम अकरा वर्षे चालला होता. खात्यात काकांना 'पोचराव' म्हणण्याची मुभा फक्त त्यांनाच होती.

"पोचराव, झाकण उघडलं म्हणून सही करू का?"

"वेळ पण टाका, बाई."

एका सकाळी तीन नंबरच्या खोलीचा पंखा बिघडला. अकरा वाजून पाच मिनिटांनी धोक्याची घंटा वाजली. नियम असा की, घंटा वाजल्यावर तीस मिनिटांच्या आत बटण दाबून लसीच्या पेट्या मागच्या जुन्या बर्फघरात हलवायच्या; तेथे यंत्र नव्हते. मदतनीस त्या दिवशी रजेवर होता. बाईंचे म्हणणे, आपण अकरा-दहाला बटण दाबले आणि एकशे बारा पेट्या एकट्याने अकरा-पस्तीसपर्यंत तेथे नेल्या; नंतर काही राहिले नाही ना, हे दार उघडून पुन्हा पाहिले. मुख्य सर्व्हरवरील नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या : अकरा-पाचला घंटा, त्यानंतर काहीही नाही, आणि थेट अकरा-त्रेचाळीसला तीन नंबरचे दार उघडल्याची ओळ. म्हणजे बाई अडतीस मिनिटे तेथे फिरकल्याच नाहीत. पेट्या उशिरा हलवल्या, असे धरून सगळ्या लसी नष्ट करण्यात आल्या आणि चौकशी बसली.

चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पोचकाकांना बोलावून घेतले. काकांनी घंटा, बटण आणि दार एवढ्याच नोंदी निवडून एका कागदावर सुबक तक्ता आणला होता. अधिकाऱ्यांनी विचारले, "बटण दाबलं, पण त्याची नोंद वाटेत हरवली, असं होऊ शकतं का?"

पोचकाका ताठ बसले. म्हणाले, "माझ्याकडे नोंद हरवत नाही, साहेब. आली नाही, म्हणजे घडलं नाही."

बाई समोरच्याच खुर्चीवर होत्या. त्यांनी काकांकडे पाहिले. जुडग्यातली एक किल्ली दोन बोटांत धरून नुसती फिरवत राहिल्या. आठवड्याभरात तो जुडगा त्यांच्याकडून काढून घेण्यात आला आणि त्यांना तळमजल्यावरच्या चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आले. कोणता कागद कोठे द्यायचा आणि स्वच्छतागृह कोणत्या बाजूला, हे सांगण्याचे काम. डब्याच्या टेबलावर त्या पुन्हा आल्या नाहीत. पोचकाकांनी मनाची समजूत घातली : वाईट झाले खरे, पण नोंद ती नोंद.

याला पाच महिने झाले.

पोचकाकांच्या निवृत्तीला अर्धे वर्ष उरले होते. नव्या माणसाच्या हाती कारभार स्वच्छ द्यावा, म्हणून महिन्याच्या तीन तारखेला त्यांनी ताळा घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक यंत्राने किती नोंदी लिहिल्या (प्रत पुसली तरी ही मोजणी यंत्रात राहत असे) आणि मुख्य सर्व्हरवर किती आल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. एक नंबर जुळला. दोन नंबर जुळला. चार नंबरही जुळला. तीन नंबरच्या खोलीत मात्र अकरा हजार दोनशे सहा नोंदी कमी भरल्या.

काका चष्मा पुसून पुन्हा बेरीज करायला बसले. फरक तोच. मग त्यांनी माणसे करतात त्या क्रमाने दोष बाहेर शोधला. केबल तपासली, ठणठणीत. अंगणातल्या पेटीतला जोड काढून बसवला, ठीक. दोन्ही यंत्रांची घड्याळे ताडून पाहिली. अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही. मुख्य सर्व्हरने काही नाकारले का, ते पाहिले, एकही नाही. तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग धरला. 'मी चालू आहे' ही ओळ दर मिनिटाला येते. ती कधी आली नाही, तेच शोधावे.

पाच महिन्यांत ती फक्त सदतीस वेळा आलेली नव्हती. सदतीसही एकाच दिवशी, एका रांगेत : अकरा-सहापासून अकरा-बेचाळीसपर्यंत.

तारीख वाचण्याची गरज नव्हती. तरी काकांनी ती वाचली. त्या मिनिटांत बाईंनी बटण दाबले नाही, हे एक वेळ खरे मानता येईल. पण त्या मिनिटांत यंत्रानेही 'मी चालू आहे' म्हटले नाही? यंत्र तर चालू होते. घंटेची नोंद त्यानेच पाठवली होती.

आणि मग त्यांना आठवले, की त्या दिवशी अकरा वाजता मुख्य सर्व्हरवरील नोंदी घेण्याचे काम त्यांनी स्वतःच थांबवले होते. जुने कप्पे नीट लावायचे होते. कोणाला सांगितले नव्हते; सांगायचे कशाला, नोंदी रांगेत थांबतात ना! अकरा-बेचाळीसला काम पुन्हा सुरू केले, तेव्हा थांबलेली घंटेची नोंद खरोखरच येऊन दाखल झाली. एक आली म्हणजे सगळ्या आल्या, असे त्यांनी धरले होते. पोच पाहणाऱ्या माणसाने एका सहीवर सगळी टपालाची थैली पोचली असे मानले होते.

शेवटी त्यांनी तीन नंबरच्या यंत्राला त्याचा स्वतःचा हिशेब विचारला. ते यंत्र पाच महिन्यांत एकदाही बंद पडले नव्हते. तेव्हा त्याच्या पोटात सगळे आकडे शाबूत होते. स्क्रीनवर ओळ आली : 'रांग भरल्याने टाकून दिलेल्या नोंदी : ११,२०६.'

टाकून दिलेल्या. कोणी सांगितले टाकायला?

काकांनी कपाटातून तीन वर्षांपूर्वीची वही काढली. पान त्यांच्याच वळणदार अक्षरात होते. त्या वर्षी एकदा रांग तुडुंब भरली, तेव्हा पुढची नोंद ठेवायला जागा नाही म्हणून एक नंबरचे यंत्रच अडून बसले होते. तसे पुन्हा होऊ नये, म्हणून काकांनी नियम घातला होता : 'रांगेत हजारांची जागा. आठशे भरल्यास साध्या नोंदी टाकून द्याव्यात. गंभीर तेवढ्या ठेवाव्यात.' खाली लाल शाईने दोन रकाने. गंभीर : धोक्याची घंटा. साध्या : पंखा, तापमान, दार, चालू असल्याची ओळ, बटण दाबले.

बटण दाबले, हे त्यांनीच साध्यांत घातले होते. त्या वेळचा विचारही त्यांना लख्ख आठवला. कोणीतरी बटण दाबले, म्हणजे माणूस पोचला, धोका टळला. मग त्यात गंभीर ते काय? त्या दिवशी बिघडलेला पंखा सेकंदाला पाच ओळी ओकत होता. मुख्य सर्व्हर बंद. तीन मिनिटांत रांग आठशेवर गेली. त्यानंतर यंत्राने धन्याची आज्ञा इमानाने पाळली. घंटा जपून ठेवली आणि बाईंच्या हातून झालेले सगळे फेकून दिले.

त्या संध्याकाळी काका घरी गेले, ते चपला दाराबाहेर उलट्यासुलट्या टाकून. पत्नीने त्या सरळ केल्या आणि आत येऊन त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"बरं नाही का?"

"ठीक आहे."

"ठीक आहे तर डाव्या पायातलं उजवीकडे कसं गेलं?"

काका हातपाय धुवायला गेले. त्यांना वाटले होते, की उद्या सकाळी सांगून टाकू. उद्या आला, परवाही आला. सांगायचे म्हणजे नेमके काय, हेच जमेना. बाईंनी बटण दाबले होते, असे तर त्यांना म्हणता येत नव्हते. यंत्रातली प्रत आठ दिवसांतच पुसली गेली होती, तो पुरावा आता कोणालाच मिळणार नव्हता. फार तर एवढे म्हणता येत होते, की आपला पुरावा पुरावाच नव्हता. एवढ्याशा वाक्यासाठी पस्तीस वर्षांची अब्रू पणाला लावायची? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही तो स्वतःला विचारत राहणे, ही त्या दिवसांतली त्यांची सर्वांत लाजिरवाणी गोष्ट होती.

चुकवणे मात्र त्यांना चांगले जमू लागले. चौकशीची खिडकी मुख्य दारासमोर होती. काका मागच्या जिन्याने येऊ लागले. एकदा जिन्यावर गाठ पडलीच. बाई भिंतीला एक हात टेकून उतरत होत्या. त्या पेट्यांनी त्यांची कंबर कायमची धरली होती, असे कोणीतरी बोलल्याचे काकांच्या कानावर होते. काकांनी वाट दिली. बाईंनी मान हलवली. कमरेला काहीच वाजले नाही.

सहाव्या दिवशी ते साहेबांकडे गेले. शाखाप्रमुख साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. काकांना मान देणारे. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले.

"काका, एक सांगा. यावरून बाईंनी बटण दाबलं, हे सिद्ध होतं?"

"नाही, साहेब."

"नाही दाबलं, हे?"

"तेही नाही."

"मग जैसे थे! बाई या महिनाअखेर निवृत्त होताहेत. फाइल आपोआप बंद होईल. तुम्ही कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेता? सेटिंग दुरुस्त करा, यंत्र बंद करून चालू करा, झालं. पुढे असं होणार नाही, एवढं बघा."

"हो, साहेब," असे म्हणून काका बाहेर आले. त्या 'हो'ने त्यांना खूप हलके वाटले आणि जिना उतरेपर्यंत त्याच हलकेपणाची किळस आली.

सेटिंग दुरुस्त करणे त्यांच्या हातचे होते. यंत्राच्या जादा साठ्यात रांगेला भरपूर जागा द्यायची, बटणाची आणि दाराची नोंद गंभीर रकान्यात न्यायची, आणि मग नवे नियम लागू व्हावेत म्हणून यंत्र एकदा बंद करून चालू करायचे. ते यंत्रापुढे उभे राहिले, झाकण उघडून बोट ते बंद करण्याच्या बटणावर नेले, आणि थांबले. यंत्र बंद होताच त्याच्या पोटातले सगळे आकडे शून्य होणार होते. अकरा हजार दोनशे सहा हा आकडा जगात फक्त तेथेच होता. साहेबांनी सांगितलेली, नियमाला धरून असलेली, अगदी योग्य दुरुस्ती. आणि त्या दुरुस्तीनेच बाईंच्या बाजूचा राहिलेला एकमेव साक्षीदार मुका होणार होता. कोणालाही कधी कळले नसते.

काका तेथे किती वेळ उभे होते, हे यंत्रानेच नोंदवले : सात मिनिटे. झाकण उघडे ठेवल्याची ओळ.

मग ते आपल्या खोलीत परतले आणि त्यांनी त्या हिशेबाची प्रिंट काढली. सदतीस हुकलेल्या ओळींची काढली. वहीच्या पानाची प्रत काढली. प्रत्येकावर वेळ घातली, सही केली. कागद खणात ठेवले, खणाला कुलूप लावले. आणि तेथेच पुन्हा पाच दिवस गेले.

तेराव्या तारखेला जेवताना पत्नी म्हणाली, "तुमच्या त्या किल्लीबाईंचा निरोप समारंभ कधी आहे?"

"ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?" तिने ताटावरचा हात थांबवला. "अहो, मला सगळ्यांच्या तारखा पाठ करायला लावणारे तुम्ही. काय केलंय तुम्ही त्या बाईचं?"

तेव्हा काकांनी सांगितले. सेकंदाला पाच ओळी, आठशे, हजार, लाल शाई, सगळे. ती शिक्षिका होती. तिने सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "मला त्यातलं निम्मं कळलं नाही. एवढं कळलं, की वर्गात दंगा झाला, आणि तुम्ही उभ्या केलेल्या मुलीनं काही केलंच नव्हतं की काय, ते आता तुम्हाला माहीत नाही. तरी ती उभीच आहे."

"हो."

"मग बसवा की तिला खाली! कशाची वाट बघताय, घंटेची?"

चौदा तारखेला पोचकाका मुख्य दाराने आत आले. खिडकीपुढे नऊ माणसे रांगेत होती. काका दहावे उभे राहिले. कचेरीतला माणूस रांगेत पाहून शिपायाने त्यांना पुढे बोलावले. ते गेले नाहीत. ओळीने सरकत त्यांची पाळी आली.

"पुढचा! काय हवंय?" बाईंनी मान वर केली. "तुम्ही? तुमची खोली वरच्या मजल्यावर आहे. डावीकडून जिना."

"बाई, अकरा-पाच ते अकरा-त्रेचाळीस, त्या वेळातल्या साध्या नोंदी माझ्या यंत्रानं टाकून दिल्या. माझ्या नियमामुळे. वर सर्व्हर मीच बंद ठेवला होता. मी चौकशीत बोललो, ते खरं नव्हतं."

मागच्या माणसाने घसा खाकरला.

"म्हणजे मी बटण दाबलं होतं."

"ते... मला सांगता येत नाही. ती नोंद आता कुठेच नाही. एवढंच सांगता येतं, की..."

"तुम्हाला सांगता येत नसेल, पोचराव. मला येतं." आवाज चढला नव्हता. "अकरा-दहाला दाबलं. अंगठ्यानं. घड्याळ बघून दाबलं. का, माहितीय? तुम्ही वेळ विचाराल म्हणून."

काकांनी खिडकीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"तीन तारखेला."

"आज चौदा." त्यांनी खिडकीतल्या कॅलेंडरकडे पाहिलेही नाही. "आणि हे मला कशाला सांगताय? मला ते पाच महिन्यांपासून ठाऊक आहे. जिथं बोललात, तिथं जाऊन बोला. आणि येताना पोच घेऊन या." मग मान बाजूला काढून : "पुढचा!"

पत्र काकांनी त्याच दुपारी लिहिले. एक पान, तीन जोडपत्रे. शिपायाच्या हाती न देता दोन रस्ते ओलांडून ते स्वतः चौकशी अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेले, आवक शिक्का मारून घेतला, प्रतीवर सही घेतली आणि ती प्रत परत येऊन खिडकीत ठेवली. बाईंनी ती वाचली, घडी घातली, पिशवीत टाकली.

सतरा तारखेला पुन्हा सुनावणी झाली. तीच खोली, त्याच खुर्च्या. अधिकाऱ्यांनी मागचा जबाब वाचून दाखवला : "'माझ्याकडे नोंद हरवत नाही. आली नाही, म्हणजे घडलं नाही.' हे तुमचं वाक्य?"

"हो, साहेब."

"हे खोटं होतं की चुकीचं?"

काकांनी विचार केला. "तेव्हा ते चुकीचं होतं. तीन तारखेला मला सत्य कळलं आणि पत्र चौदाला दिलं. मधले अकरा दिवस ते खोटं होतं."

शाखाप्रमुख साहेब बाजूच्या खुर्चीवर अस्वस्थ हलले. अधिकाऱ्यांनी ते उत्तर तसेच्या तसे लिहून घेतले.

निकाल बावीस तारखेला आला. बाईंवरचा ठपका 'पुरेशा पुराव्याअभावी' मागे घेण्यात आला आणि त्यांना शीतगृहात परत पाठवण्यात आले. पोचकाकांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली. ती त्यांनी वाचली, सही केली, वेळ घातली. आदेशाची प्रत घेऊन ते स्वतः जावक वही काखेत मारून खिडकीशी गेले. बाईंनी आदेश उभ्याने वाचला.

"अभावी," त्या म्हणाल्या. "म्हणजे दाबलं नसेलही, पण जाऊ द्या."

"याच्याहून जास्त मला मिळवता आलं नाही, बाई."

"तुमच्याकडे होतं ते. तुम्ही टाकून दिलंत." आणि त्यांनी वहीत नेमक्या रकान्यात सही केली. वेळही घातली.

बाईंच्या निवृत्तीपर्यंत कामाचे सहा दिवस उरले होते. तेवीस तारखेला एकोणीस किल्ल्यांचा जुडगा अंगण ओलांडून शीतगृहाकडे वाजत गेला. काकांनी तो आपल्या खोलीतून ऐकला. यंत्राची दुरुस्ती त्यांनी आधीच केली होती. नुसती केली नव्हती, चार वेळा पारखली होती : मुख्य सर्व्हर तास-तासभर बंद ठेवून, पंखा मुद्दाम बिघडवल्यासारखा करून, पन्नास हजार ओळी रांगेत कोंबून. सर्व्हर सुरू होताच एकूण एक ओळ आली होती. आता काहीही हरवत नव्हते. ते पाहून समाधान वाटावे, अशी त्यांची फार इच्छा होती.

त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर एक ओळ उमटली. तीन नंबरची खोली. बटण दाबले. भांडारपालांचा क्रमांक.

काका दचकून उठले. घंटा तर वाजली नव्हती. तापमान ठीक होते, पंखा ठीक होता, दारे बंद होती. कोणी चुकून दाबले असेल, म्हणून ते खाली बसले.

चोवीस तारखेला अकरा-दहाला तीच ओळ आली.

पंचवीसला ते साडेदहापासूनच स्क्रीनपुढे बसले होते. अकरा-दहा. तीन नंबर. बटण दाबले. मधल्या सुट्टीचे दोन दिवस वगळता ती ओळ एकदाही चुकली नाही, मिनिटभर मागेपुढे झाली नाही. काकांनी एकदाही अंगण ओलांडून विचारले नाही. डब्याच्या वेळी ते नेहमीच्या टेबलावर समोरची खुर्ची मोकळी ठेवून बसत. ती मोकळीच राहिली.

तीस तारखेला, बाईंनी जुडगा नव्या भांडारपालांच्या हाती देण्यापूर्वी, सहावी ओळ आली. त्यानंतर अंगणातून माणसांचे बोलणे ऐकू आले, टाळ्या ऐकू आल्या. मग फाटकाची कडी वाजली. काका खिडकीशी गेले नाहीत.

नव्या माणसासाठी लिहायच्या वहीत काटेकोर नियम होते : घंटेशिवाय दाबलेले बटण म्हणजे यंत्राचा दोष समजावा आणि अशा ओळी महिनाअखेरीस गाळाव्यात. हा नियमही काकांनीच केला होता, चार वर्षांपूर्वी. त्यांनी त्या पानावर पेन टेकले. बराच वेळ विचार केला; कारण काय लिहावे, ते सुचेना; आणि कारण न देता काही लिहिण्याची त्यांना आयुष्यात सवय नव्हती. अखेर त्यांनी नियमाखाली एक ओळ घातली, सही केली, वेळ घातली :

'तीन नंबरच्या खोलीच्या, तेवीस ते तीस तारखांच्या, अकरा-दहाच्या सहा नोंदी खऱ्या आहेत. कोणीही काढू नयेत.'